फायबर होडीच्या पोटातलं पाणी आणि माझे शेहेचाळीस हजार

होडी विकत घेताना मी सगळं बघितलं, म्हणजे जे दिसत होतं तेवढं सगळं. सतरा फुटी फायबरची जुनी होडी, नवा पांढरा रंग, आत पायाखाली हिरवं कार्पेट, ट्रॉलीसकट १ लाख ८५ हजार. कर्ली खाडीच्या काठावर आमचा छोटा होमस्टे आहे, तिथं घरच्या वापराला हवी होती. दलाल म्हणाला, "रिकामी साडेचारशे किलो, दोन माणसं ढकलतील." ट्रॉलीचे टायर बसल्यासारखे दिसत होते. हवा कमी असेल म्हणून मी सोडून दिलं. ती होडी मला पाण्यात उतरवून दाखवलीच नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. पहिली चूक तिथं झाली.

चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन लावूनही होडी पाण्यावर उचलली जाईना. नाक आभाळाकडे, बूड खाली आणि मागे पाण्याचा डोंगर. मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ केला, प्रोपेलर बदलला. बावीस हजार गेले, वेग तोच. मी इंजिनाच्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा शेजारचे आबा, चाळीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस, होडीवर नखाने टिचकी मारून म्हणाले, "इंजिनाक कित्याक गाळी घालतंस? होडयेच्या पोटात पाणी हा."

मला पटेना, कारण आतलं पाणी सोडायचं तळाचं बुच काढलं तर थेंबसुद्धा येत नव्हता. तरी खडीच्या क्रशरजवळच्या वजनकाट्यावर नेली. ट्रॉलीसकट ११२०. रिकामी ट्रॉली ३००. म्हणजे होडी ८२० किलो! साडेतीनशे किलोच्या वर ओझं मी रोज पेट्रोल जाळून फिरवत होतो.

हे पाणी बुचातून का येत नाही, ते नंतर कळलं. अशा होड्यांत तळ आणि पाय ठेवायचं वरचं डेक यांच्यामधल्या पोकळीत पॉलियुरेथेनचा फोम भरतात, होडी भरली तरी बुडू नये म्हणून. फोमची भोकं बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही असं सांगतात, आणि नवा असताना ते खरंही असतं. पण डेकवर सीट, रेलिंग, कार्पेट ठोकताना पाडलेल्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत झिरपतं. फोम तळाला चिकटलेला असल्याने बुचापर्यंत जायची वाटच बुजलेली असते. वर्षानुवर्षं पाण्यात बसून आणि लाटांचे दणके खाऊन फोमच्या पेशींच्या भिंती फुटतात, आणि मग तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. बुच काढलं तरी सोडत नाही.

आता खरी फसवणूक. दलालाची तर मी खाल्लीच, पण ती निदान न बघता खाल्ली. दुसरी पैसे मोजून, चहा पाजून खाल्ली.

फायबरचं काम करणारा एक ठेकेदार मिळाला. अतिशय गोड माणूस, दर वाक्याला "काका". म्हणाला, डेक पूर्ण उघडायला नको. भोकं पाडून पाणी काढू, गरम हवेने फोम सुकवू, जिथं फारच खराब असेल तिथला काढून नवा ओतू. ४६ हजार. तीस आधी, उरलेले फोटो पाठवल्यावर. जानेवारीत होडी त्याच्या शेडमध्ये गेली. वीस दिवसांनी फोटो आले: उघडा तळ, स्वच्छ खरवडलेला, मग पिवळाधमक नवा फोम. मी खूश. सोळा हजार त्याच संध्याकाळी पाठवले.

होडी आली, वर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या रंगीत रेझिनचा, चकचकीत थर. पाण्यात घातली तर नाक पुन्हा आभाळाकडे. "काका, होडी जुनी आहे, आता एवढंच." मार्चमध्ये पुन्हा काट्यावर: १०९०. सबंध कामात माझ्या होडीतलं तीस किलो पाणी गेलं होतं. फोन केला तर म्हणतो, फोम कधी कधी परत पाणी धरतो. दोन महिन्यांत!

एप्रिलमध्ये मी आणि आबांनी डेक कापायला घेतलं. आधी होडी सपाट करून कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना नीट टेकू दिले, कारण डेक काढल्यावर तळ वाकला तर तसाच राहतो. ग्राइंडरने कडेला दोन इंच फायबर ठेवून कापलं, पातं जास्त खोल जाऊ न देता. कार्पेटखालचं डेक एका जागी मऊ लागलं, तिथं त्याचं 'काम' सापडलं. नव्या फोमऐवजी माशांच्या थर्माकोलच्या पेट्यांचे तुकडे कोंबलेले, एकावर चिकटपट्टीही तशीच. त्यावर पॉलिस्टर रेझिन आणि मॅट, म्हणजे काचतंतूंचं कापड. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, हे फायबरचं काम करणाऱ्या पोऱ्यालाही माहीत असतं. जिथं जिथं रेझिन लागलं तिथं थर्माकोल वितळून पोकळ्या झालेल्या, आणि त्यात नवं पाणी साचलेलं. म्हणजे माझ्या पैशांतून त्याने पाण्याला आणखी एक टाकी बांधून दिली.

मग ते फोटो काढून बघितले. माझ्या होडीच्या पोटात लांबीला तीन आडण्या, म्हणजे तळाला बळकटी देणाऱ्या पट्ट्या आहेत, फोटोतल्या होडीत दोन. मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

जुना फोम काढायला सहा दिवस लागले. करवतीने चौकोन कापायचे, फावड्याने उचकटायचे, तळाला चिकटलेला थर खरवडायचा. वास असा की कुत्रंही जवळ आलं नाही. फुटभर लांब, रुंद, जाड ठोकळा कोरडा असता तर किलोच्या आत भरला असता. आमचा भरला सोळा किलो. एकतीस गोण्या निघाल्या. आडण्यांच्या आतलं लाकूड भिजलेल्या भुशासारखं हातात आलं, तेही बदलावं लागलं. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा न घालता हे करू नका. फायबरची खाज आठवडाभर जात नाही. आणि फोम जाळू तर मुळीच नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. आबांनी काडी ओढली होती, मी हात धरला.

नवा फोम आम्हीच ओतला. दोन द्रव सारख्या मापाने मिसळले की पंचवीस-तीस पट फुगतात. एकदम जाड थर ओतला तर आतून भयंकर तापतो, म्हणून थोडा थोडा. कण्यालगत अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप उपडा ठेवला, पाण्याला बुचापर्यंत वाट राहावी म्हणून. डेक बंद करायच्या आधी आबांनी तिथं बादलीभर पाणी ओतून बुचातून बाहेर येताना दोनदा पाहिलं, मगच मॅट लावू दिली.

वजनकाट्याची तिसरी पावती ट्रॉलीसकट ७९० ची आहे. होडी ४९० किलो. तिन्ही पावत्या ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या. त्याने सहा हजार परत केले आणि मला ब्लॉक केलं. कुणी असं काम देणार असेल तर देण्याआधी आणि घेताना काट्यावर न्या, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. आणि डेक उघडं असताना स्वतः जाऊन उभे राहा, फोटोवर पैसे सोडू नका.

गरम हवेने सुकवायची जी गोष्ट त्याने मला सांगितली होती, तिच्यासाठी सोळा किलोचा तो ठोकळा मी पडवीच्या पायरीवर उन्हात ठेवला. वैशाखाचं ऊन महिनाभर खाऊन तो तेरा किलोचा झाला. वरून खडखडीत, पण अंगठा रुतवला की अजून पाणी येतं.