मुरूम लागल्याचे सांगून पाच फुटांवरच भरलेला पाया

परभणीतील आमची वसाहत जुन्या शेतजमिनीवर वसलेली आहे. आपल्याकडे गावठाण पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर असे आणि काळी, म्हणजे काळ्या मातीची जमीन, पिकासाठी राखलेली असे. आता मात्र घरे सर्रास काळीवरच उभी राहतात. वडिलांनी १९८९ मध्ये घर बांधताना अकरा फुटांवर मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, लागेपर्यंत खोदकाम थांबू दिले नव्हते आणि नवीन काम होईपर्यंत त्या घराला एकही तडा गेलेला नव्हता. मे २०२२ मध्ये मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवायचे ठरले, तेव्हा हे सारे मी गुत्तेदाराला सांगितले आणि त्यानेही सहा कॉलमची खोदाई अकरा फूट धरूनच हिशेब लावला.

खोदाई चालू असताना मला तीन दिवस नांदेडला जावे लागले. दुसऱ्याच दिवशी त्याने मोबाईलवर खड्ड्याचा फोटो पाठवला. तळाशी पिवळसर मुरूम स्पष्ट दिसत होता. "सर, मुरूम लागला, उद्या काँक्रीट टाकून घेतो, पाऊस कधीही येईल," असे तो फोनवर म्हणाला आणि मी होकार दिला. खड्डा किती खोल आहे हे त्या फोटोवरून कळण्यासारखे नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. परतलो तोवर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ, भरून खड्डे बुजवलेले होते.

काळ्या मातीतील चिकण भाग पाणी शोषून फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. वरच्या थरात टेकलेला पाया या मातीबरोबर वर-खाली होतो. जुलैमध्ये नव्या खोल्यांची दारे चौकटीत अडकू लागली, तेव्हा लाकूड फुगले असेल असे आम्हाला वाटले. पुढच्या एप्रिलमध्ये मात्र जुन्या व नव्या भिंतीच्या सांध्यावर वरच्या बाजूला बोट शिरेल एवढा तडा पडला. जुन्या भिंतीत दाढे, म्हणजे खाचा, काढून नवीन भिंत त्यात गुंतवलेली असल्यामुळे तो तडा वडिलांनी बांधलेल्या भिंतीतही उतरला, आणि याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक आहे. गुत्तेदाराने मात्र जुनेच घर खचले आहे असे सांगून तडा बुजवण्याचे वेगळे पैसे मागितले.

अखेर एका स्थापत्य अभियंत्याला बोलावून कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी खड्डा घेतला. फुटिंगचा तळ पाच फुटांवर होता, त्याखाली अर्धा फूट बाहेरून आणून पसरलेला मुरूम होता आणि त्याखाली पुन्हा काळी माती, जिच्यात पहार नुसत्या हाताच्या दाबाने आत जात होती. ट्रॉलीभर मुरूम टाकून फोटो काढला होता आणि मी खोदाई व काँक्रीटचे पैसे मात्र अकरा फुटांचे मोजले होते. त्या मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. चाळून वाळवलेली दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतील फरकावरून तिची फुगवण मोजता येते. ही साधी तपासणी काम सुरू होण्यापूर्वीच करून घ्यायला हवी होती.

काळीवर बांधकाम काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की काँक्रीट पडण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्यात स्वतः टेप सोडावा, तळावर पहार मारून पाहावी आणि मुरूम सुटा भुरभुरतो की मूळच्या थरासारखा घट्ट लागतो हे तपासावे. गावाला जावे लागले, तर तेवढे दिवस काम थांबवावे. नव्या भिंती जुन्या भिंतीत न गुंतवता मध्ये सांधा मोकळा ठेवण्यास सांगावे. खोली, मोजमाप आणि तळ पाहून झाल्यावरच पैसे देण्याची अट करारात लिहून घ्यावी. माझ्या कागदावर केवळ "पाया" एवढाच शब्द होता आणि ग्राहक आयोगात तक्रार मांडताना त्याचीच सर्वांत मोठी अडचण झाली. सध्या एकेका कॉलमखाली टप्प्याटप्प्याने खोदून मुरमापर्यंत काँक्रीट नेण्याचे काम चालू आहे. सहापैकी दोन कॉलम झाले असून उरलेले चार पावसाळ्यापूर्वी पूर्ण करायचे आहेत.