लेकराची चड्डी शिवून घ्यावी की रेडीमेड आणावी?

दीड-दोन वर्षांच्या लेकराला रोज घालायचे कपडे घ्यायचे म्हटलं की खेड्यात मार्ग दोनच. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेले रेडीमेड जोड उचलायचे, नाहीतर कापड घेऊन गावातल्या टेलरकडे टाकायचं. भाच्या-पुतण्यांचे लहान झालेले कपडे प्रत्येक घरात येतच राहतात, त्यांच्याबद्दल शेवटी वेगळं सांगायचं आहे. आमच्याकडे थोरलीच्या वेळी जवळपास सगळं रेडीमेड होतं, धाकट्याच्या वेळी बरंचसं शिवून घेतलं. दोन्ही वापरल्यावर माझं मत एका बाजूला झुकलं. तुमच्या घरी वेगळा अनुभव येऊ शकतो, हे धरूनच पुढचं वाचा.

पहिलं वर्ष मी या तुलनेत धरत नाही. रांगण्याआधीच्या बाळाला मऊ झबलं आणि आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं पुरतं. ते विकतचं आहे की घरचं, याने फारसं बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र नक्की पाहा. गळ्याशी बांधायची लांब नाडी नको. आणि हातमोजे-पायमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापून टाका. असा धागा बोटाभोवती आवळला गेला तर बोटाचं रक्त अडतं, बाळ रडत राहतं आणि मोजा काढून पाहिल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

खरा प्रश्न लेकरू चालायला लागल्यावर येतो. दिवसभर अंगणात, मातीत, उन्हात. घाम त्याला आपल्यासारखाच येतो, पण त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि घामाच्या नळ्या अजून पूर्ण तयार झालेल्या नसतात. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्ध्याचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सावलीतही अंग भिजतं. जूनमध्ये ढग येतात, हवा दमट होते आणि ऊन कमी होऊनही घामोळ्या वाढतात, कारण घाम वाळतच नाही. नळीचं तोंड बुजलं की घाम कातडीच्या आतच अडकतो आणि बारीक लाल पुरळ उठतो. तो उठतो कुठे? मानेच्या वळ्यांत, काखेत, जांघेत आणि कमरेला, म्हणजे जिथे कातडीला कातडी किंवा कापड चिकटून राहतं तिथेच.

म्हणून कापडाचा विचार आधी. आपण कापसाच्या मुलखात राहतो. हिंगणघाट, यवतमाळ, अकोटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्याच भागातली लेकरं भर उन्हात पॉलिस्टरचा चकचकीत बाबासूट घालून फिरताना दिसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आठवडी बाजारातल्या जोडांवर बऱ्याचदा लेबलच नसतं आणि दुकानदार प्रत्येक जोडाला ‘प्युअर कॉटन’च म्हणतो. आतल्या शिवणीच्या कडेला सुटलेल्या कापडाचाच एक धागा (शिवणीचा दोरा नव्हे) ओढून घरी काडीने पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टरचा धागा वितळून आकसतो आणि टोकाशी कडक गोळी होते. टेलरकडे टाकायचं कापड आपणच निवडतो, त्यामुळे ही शंका राहत नाही. मलमल किंवा साधं पॉपलिन घ्यावं. वर्ध्याकडे खादी सहज मिळते, पण नवी खादी लहान लेकराला खरखरते. ती बऱ्याचदा धुऊन मऊ झाल्यावरच अंगाला लावावी.

कापडापुरतं बोलायचं तर पाहून घेतलं की रेडीमेडमध्येही चांगलं सुती मिळतं, विशेषतः होजिअरीचं. तेवढ्यावर माझा निर्णय झाला नसता. तो झाला कमरेच्या इलॅस्टिकवरून.

बहुतेक रेडीमेड चड्ड्यांत इलॅस्टिक ताणून थेट कापडाला शिवलेलं असतं, तीन-चार रांगा मशीन मारून. ते सैल करता येत नाही, बदलता येत नाही, काढता तर येतच नाही. आणि ते कधीच बरोबर मापाचं नसतं. नवं असतं तेव्हा करकचून आवळतं, काही महिन्यांनी एकदम ढिलं पडतं. मधले थोडे दिवस तेवढे बरे जातात. थोरलीला एका उन्हाळ्यात कमरेभोवती लाल पट्टा उठला होता. चड्डी काढली तरी संध्याकाळपर्यंत इलॅस्टिकच्या रांगा पोटावर उमटलेल्या दिसायच्या आणि त्या रेघांमध्येच घामोळ्या. वर करदोडाही नेमका तिथेच. घामाने भिजलेला दोरा आणि त्यावर दाबून बसलेलं इलॅस्टिक, दोन्ही एकाच जागी घासत. मोठ्या मापाची चड्डी आणली तर कंबर ठीक, पण मांडीला घोळदार आणि पायात येणारी.

माझ्या आईने पावडर थापायला सुरुवात केली. घराघरात हेच होतं, म्हणून याबद्दल स्पष्ट सांगतो. पावडर घामात भिजून वळ्यांत थर धरते आणि घामोळ्यांना तिचा काही उपयोग होत नाही. शिवाय शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, भुकटी उडून लेकराच्या श्वासात जाते, ते फुप्फुसाला वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये टाल्कला ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ अशा गटात टाकलं आहे. उन्हाळ्यात अंगाला तेल चोपडून लगेच कपडे चढवणंही टाळावं, त्याने छिद्रं आणखी बुजतात. घामोळ्यांवर साधा इलाज म्हणजे गार पाण्याने अंग पुसणं, टिपून कोरडं करणं आणि काही वेळ लेकराला उघडं, वाऱ्यावर राहू देणं. पुरळात पू दिसला, ताप आला किंवा पुरळ पसरतच गेला तर मात्र घरी थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता टेलरची चड्डी. तिच्यात नेफा असतो, म्हणजे कमरेला दुमडून केलेली बोगदी, आणि इलॅस्टिक तिच्यात मोकळं ओवलेलं. धाकट्याच्या पहिल्या चड्ड्या टाकल्या तेव्हा आई म्हणाली, “एवढ्याशा पोट्ट्याच्या चड्डीले टेलर काऊन पाह्यजे?” टेलरभाऊंनीच तिला उत्तर दिलं. “मावशी, नेफ्याले आतून खाच ठेवतो. लास्टिक तिथून काढजा अन् घरीच कमीजास्त करजा.” आणि खरंच, सगळं सुख त्या खाचेत आहे. उन्हाळ्यात इलॅस्टिक बोटभर सैल करून गाठ मारायची, थंडीत आत जाड चड्डी घातली की पुन्हा सैल करायची. इलॅस्टिक मेलं की हातभर नवं आणून सेफ्टी पिनने ओवायचं, चड्डी तशीच चालू. मोजपट्टीची गरज नाही, दोन बोटं सहज आत गेली की झालं. धाकट्याच्या कमरेला तसा पट्टा मी पाहिला नाही. दोन लेकरांची कातडी वेगळी असू शकते, दोन उन्हाळेही सारखे नसतात, म्हणून हा पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरात तरी त्यानंतर हा विषय निघाला नाही.

याच सैल कमरेचा दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता, आणि आता तोच जास्त मोलाचा वाटतो. लेकरू आधी कपडे काढायला शिकतं, घालायला नंतर. वर्षाच्या आसपास टोपी नि मोजे ओढून फेकतं. दोन वर्षांचं झालं की सैल चड्डी खाली ढकलू लागतं. तिसऱ्या वर्षात वर ओढू लागतं, मोठी बटणं त्यानंतर, आणि नाडीची गाठ तर पाच-सहा वर्षांशिवाय नाहीच. कोणाचं थोडं पुढे, कोणाचं मागे. यात पहिलीच पायरी कमरेच्या इलॅस्टिकवर अडते. घट्ट इलॅस्टिक खाली ढकलायला त्या एवढ्याशा बोटांत जोर नसतो. ‘शू आली’ म्हणेपर्यंत थोरली अंगणात उभी राहून चड्डीशी झटायची आणि तिथेच ओली व्हायची, मग रडायची. तिला कळत सगळं होतं, हाताला जमत नव्हतं. धाकट्याची चड्डी दोन्ही अंगठे आत घालून ढकलली की उतरते. म्हणून तो तिच्यापेक्षा लवकर मोकळा झाला, असा माझा तरी समज आहे.

घालायला शिकवताना आम्ही उलट्या टोकाकडून गेलो. लेकराला खालीच बसवायचं, कारण उभ्याने एक पाय उचलला की तोल जातो. दोन्ही पाय आपणच घालून द्यायचे, चड्डी गुडघ्यांच्या वर आणून ठेवायची आणि शेवटचं ओढणं त्याच्यावर सोडायचं. ते जमलं की पुढच्या वेळी गुडघ्यांपाशीच थांबायचं, मग घोट्यांपाशी. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून चिडचिड होत नाही. सकाळी शेतावर निघायच्या घाईत हे करू नका. संध्याकाळी अंघोळीनंतर करा. आणि चड्डी उलटी घातली तर तशीच राहू द्या, ती लगेच उतरवून सुलटी करण्याने लेकराचा उत्साह जातो.

टेलरला सांगून आणखी दोन-तीन गोष्टी करून घेता येतात. पुढच्या बाजूला एकच खिसा लावायचा, म्हणजे ‘खिसा पोटाकडे’ एवढं सांगितलं की पुढचं-मागचं कळतं. सदऱ्याला गळ्यापासून खालपर्यंत पुढून बटणं, मोठी आणि थोडीच. ती दुहेरी दोऱ्याने पक्की लावायला सांगा, तुटलेलं बटण सरळ तोंडात जातं. मुलीच्या फ्रॉकला पाठीवर चेन नको. बाजारातला जवळपास प्रत्येक फ्रॉक पाठीवर चेनवाला असतो आणि तो कोणतीच पोरगी स्वतः घालू शकत नाही. मुलाच्या पँटीला पुढे चेन तर नकोच नको, नाजूक कातडी तिच्यात अडकते. बिनचेनीची, नेफ्याची पँट पाच वर्षांपर्यंत कोणालाच कमी पडत नाही. अंगणवाडीत लेकरू गेलं की याची किंमत कळते. एका ताईला खोलीभर लेकरं सांभाळायची असतात, खिचडी वाढायची असते, प्रत्येकाच्या हुका आणि चेनी उघडायला तिला हात कुठून आणायचे?

रेडीमेडच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. ते लगेच हातात मिळतं आणि मोजूनमापून पाहिलं तर स्वस्त पडतं, कारण छोट्या चड्डीलाही टेलरला मेहनत तेवढीच लागते. काही टेलर तर लहान मुलांचं काम घेतच नाहीत, किंवा घेऊन महिनाभर कोपऱ्यात ठेवतात. अंगात घालायच्या बंडीला मी आजही रेडीमेड होजिअरीच घेतो. विणलेलं कापड ताणतं, त्यामुळे डोकं आणि हात सहज जातात. पॉपलिनचा बिनबटणाचा सदरा डोक्यातून ओढला की कानाशी अडतो आणि लेकरू घाबरतं. मात्र मानेशी टोचणारं लेबल शिवण उसवून मुळापासून काढा, कात्रीने अर्धं कापलं तर उरलेली कड जास्त टोचते. स्वेटर कुठलाही असो, आत सुती बंडी असू द्या. म्हणजे आमच्याकडे वर रेडीमेड, खाली शिवलेलं, असं ठरून गेलं आहे. ज्यांच्या गावात टेलरच नाही त्यांनी रेडीमेड घेताना निदान इलॅस्टिक नेफ्यात ओवलेलं आहे का ते चिमटीत धरून पाहावं. ते कापडाच्या आत सरकलं तर घ्या. बाजारात अशा चड्ड्या थोड्या असतात, पण असतात.

आता नात्यात फिरणाऱ्या जुन्या कपड्यांबद्दल. धुऊन धुऊन ते मऊ झालेले असतात, नव्या कपड्यासारखी खळ किंवा रंग अंगाला लागत नाही, म्हणून मला ते फार आवडतात. पण पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेले कपडे थेट बाळाच्या अंगावर घालू नका. त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन वासातून आणि कातडीतून शरीरात जातं. काही लेकरांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं आणि घरच्यांना बहुधा माहीत नसतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, कावीळ होते आणि ती जिवावर बेतू शकते. नवजात बाळाला धोका सगळ्यात जास्त. बाळंतिणीसाठी पेटीतून काढलेली दुपटी, गोधडी, कुंची, सगळ्यालाच हे लागू आहे. वास असलेला कपडा धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. आणि बाळाचे कपडे ठेवायचे त्या पेटीत गोळ्या टाकूच नका, वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका. नवे कपडेही, शिवलेले असोत की रेडीमेड, एकदा धुऊनच घाला, आणि पावडरीने धुतले तर जास्तीच्या पाण्यातून खळबळून काढा.

शिवूनच घ्यायचं ठरलं तर वेळ पाहून टाका. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी टेलरकडे लेकराच्या चड्डीला कोणी विचारत नाही. उन्हाळ्याचे कपडे संक्रांतीच्या सुमाराला टाकावेत, पुढचे तान्ह्या पोळ्याच्या आधी. कापड टाकण्याआधी घरी भिजवून वाळवा, सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. उंचीला चार बोटं जास्त धरून खाली दुमड ठेवायला सांगा, आणि नेफ्याची खाच विसरू नका म्हणून दोनदा सांगा.