ऑपियनचं मासेमारीचं काव्य: लोबचा हिरवा खंड

प्राचीन ग्रीकांची मासेमारी कवितेतून वाचायची असेल, तर लोब क्लासिकल लायब्ररी या ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरमालेतला, ऑपियन या ग्रीक कवीचा खंड बेलाशक घ्या. ए. डब्ल्यू. मेअर यांचं १९२८चं भाषांतर आहे. डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी, आणि आकार हातात मावणारा.

ऑपियन किलिकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला. त्याचं 'हालिएउतिका' हे मासेमारीवरचं पाच सर्गांचं काव्य इ. स. १८०च्या आसपासचं, सम्राट मार्कस ऑरेलियसला उद्देशून लिहिलेलं. मी मालवणची, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढणारी माणसं बघत वाढले. ट्यूना पकडायच्या वर्णनात उंच कड्यावर बसलेला टेहळ्या येतो, मासळीचा थवा कुठला, केवढा हे खालच्यांना सांगतो, मग जाळी पडतात. ते वाचताना, हा कवी किनाऱ्यावर उभा राहिलेला आहे, अशी माझी खात्रीच झाली.

पण पैसे वसूल होतात ते पाचव्या सर्गाच्या शेवटी, समुद्रतळावर वाढणारे स्पंज कापणाऱ्या पाणबुड्यापाशी. कमरेला लांब दोर, एका हातात जड शिसं, दुसऱ्यात धारदार कोयता, तोंडात तेल. तळाशी पोचला की तो तेल सोडतो, त्याची चमक पाण्यात पसरते आणि काळोखात त्याला दिसायला लागतं. भराभर स्पंज कापायचे आणि दोर हलवायचा, की वरचे ओढून घेतात. कधी मधेच मोठं जनावर गाठतं. मग सोबत्यांच्या हाती येतं ते अर्धं फाडलेलं शरीर, अजून होडीकडे ओढ घेणारं. सोबती काम तिथंच टाकून रडत किनाऱ्याला लागतात. समुद्रावर पोट असलेल्या माणसाबद्दल इतक्या मायेनं लिहिलेलं मी फार थोडं वाचलंय.

मेअर यांची इंग्रजी जुन्या वळणाची, जड जाते. तळटीपा मात्र सोन्यासारख्या: कुठला मासा कुठला, याचा त्यांनी कसून शोध घेतलाय. चित्रं असती तर फार बरं झालं असतं.

याच खंडात शिकारीवरचं 'किनेगेतिका' आहे, चार सर्गांचं, सम्राट काराकल्लासाठी लिहिलेलं. तेही ऑपियनच्याच नावावर, पण कवी दुसरा, सिरियातला. पाण्यात दारू ओतून बिबटे पकडायची गोष्ट झकास आहे, बाकी मला ते कोरडं वाटलं.

सुरुवात पाचव्या सर्गापासून करा. पहिल्या सर्गातले माशांचे प्रकार मागाहून वाचले तरी चालतात.