अनशापोटी बास्केटबॉल कोर्टवर उतरायचं की खाऊन?

आधी अनशापोटी खेळण्याची बाजू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. रात्रभर झोपेत लिव्हरमधलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, बरंच खर्च होतं, कारण मेंदूला सतत साखर लागते. पायाच्या स्नायूंमधला साठा मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून उठल्याउठल्या मारलेली उडी किंवा पहिले चार-पाच स्प्रिंट उपाशीपोटीही झक्कास जातात. ‘नाश्ता नसला तरी मला काही त्रास होत नाही’ म्हणणारे खोटं बोलत नसतात; ते फक्त पहिल्या क्वार्टरबद्दल, म्हणजे सामन्याच्या चारपैकी पहिल्या भागाबद्दल, बोलत असतात.

फरक पुढे दिसतो. घड्याळात सामना 40 मिनिटांचा असला, तरी फाउल, टाइम-आउट आणि हाफटाइम धरून दीड तास सहज जातो, त्याआधी वॉर्म-अप वेगळा. चौथ्या क्वार्टरमध्ये फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा फेक) नीट बघा: थकलेल्या खेळाडूचा चेंडू सहसा डावी-उजवीकडे जात नाही, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येतो. मनगट ठीक असतं, गुडघ्यातून जोर येत नाही. सगळा दोष नाश्त्याचा नसेल, पण टाकी अर्धी घेऊन निघालेल्याला हे लवकर गाठतं.

खाणाऱ्यांची चूक वेगळीच असते. भरपेट तळलेलं खाऊन तासाभरात डिफेन्सला वाकलं की सगळं घशाशी येतं. स्निग्ध आणि तंतुमय पदार्थ पोटात रेंगाळतात. त्यामुळे काय खाल्लं याइतकंच कधी खाल्लं, हे बघावं लागतं. तीन तास हातात असतील तर वजनाच्या दर किलोला साधारण 2 ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे 60 किलोच्या खेळाडूला 120 ग्रॅम, आणि सोबत थोडं प्रथिन. तासभरच असेल तर त्याच्या निम्म्यावर थांबा. दोन मध्यम केळ्यांत 50 ग्रॅमच्या आसपास मिळतात. काहींना खेळाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोड खाल्लं की सुरुवातीला हातपाय गळाल्यासारखे वाटतात. तुम्ही त्यातले असाल तर वॉर्म-अप सुरू झाल्यावर खा.

मग निवड कशी करायची? सकाळी पाऊण तास नुसता शूटिंगचा सराव असेल तर पाणी पिऊन जा, बिघडत नाही. फुल-कोर्ट धावणं किंवा सामना असेल तर खाऊनच. इथे मी तरी तडजोड करणार नाही.

संध्याकाळचा सामना असेल तर? बहुतेक जण इथेच फसतात: ‘दुपारी दाबून जेवेन की!’ 2015 च्या एका अभ्यासात रोज नाश्ता करणाऱ्या पुरुषांना एक दिवस नाश्त्याविना ठेवलं. दुपारी त्यांनी हवं तेवढं, नेहमीपेक्षा जास्तच, जेवण केलं. तरीही संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या सायकलिंगमध्ये त्यांचं काम सुमारे 4.5 टक्के कमी भरलं. सायकल म्हणजे बास्केटबॉल नव्हे, मान्य. पण सकाळी चुकवलेला नाश्ता दुपारी भरून निघतो, हा हिशेब त्यातून मोडतो.

सकाळी घास उतरतच नसेल तर अर्ध्या केळ्यापासून सुरुवात करा, आठवडाभराने पूर्ण करा. हे प्रयोग सरावाच्या दिवशी. सामन्याच्या सकाळी पोटाला माहीत असलेलंच द्या.