हॅबिटॅट रिस्टोर: दारं घ्या, जुने नळ टाळा

अमेरिकेत किंवा कॅनडात घर दुरुस्तीला काढलं असेल, तर मोठ्या दुकानात जाण्याआधी जवळच्या ‘रिस्टोर’ या दानातल्या सामानाच्या दुकानात एक चक्कर टाकावी. बिल्डरांकडे उरलेला माल, शोरूममधले नमुने, पाडकामातून जपून सोडवलेलं सामान इथे दान म्हणून येतं आणि विक्रीचा नफा ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेच्या घरबांधणीला जातो. (२००६ मध्ये जिमी कार्टर लोणावळ्याजवळ घरं बांधायला आले होते, ते याच संस्थेतर्फे.) पहिलं दुकान १९९१ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला निघालं. प्रत्येक शाखेचा कारभार वेगळा, म्हणून भाव आणि माल परत घेण्याचे नियम तिथेच विचारावेत.

सगळ्यात फायद्याची खरेदी दारांची. चौकटीसकट दार घेणार असाल तर नुसती उंची-रुंदी मोजून भागत नाही, भिंतीची जाडी मोजा. दोन बाय चारच्या (हे इंच नावापुरते, लाकूड त्याहून थोडं कमी भरतं) लाकडी सांगाड्याची भिंत दोन्ही बाजूंच्या ड्रायवॉलसह, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांसह, साडेचार इंच भरते, दोन बाय सहाची साडेसहा. चौकट त्या मापाची नसेल तर पट्ट्या ठोकत बसावं लागतं. दार कुठल्या हाताला उघडतं तेही घरूनच लिहून न्या. नुसती झडप घेतली तर बिजागऱ्यांच्या खाचा जुन्या चौकटीशी जुळायला हव्यात. पोकळ दार खालून इंचभराहून जास्त कापू नका, कडेची लाकडी पट्टी संपून आतला पुठ्ठा उघडा पडतो.

किचन कॅबिनेट शक्यतो पूर्ण सेटच घ्या, सुट्ट्याला जोड मिळणं कठीण. सिंकखालचं कपाट उघडून तळ दाबून पाहा. भुशाचा बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो तो फुगतोच. टाइल्सच्या खोक्यांवरचा लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) सारखाच असावा आणि कापाकापीसाठी १० टक्के जास्त घ्याव्यात. पुढच्या आठवड्यात त्याच टाइल्स असतील या भरवशावर राहू नये. डबल काचेच्या खिडकीत दोन काचांमध्ये धुकं दिसलं तर सील गेलेलं आहे, ते पुसून जात नाही.

अमेरिकेत २०१४ आधीचे नळ पिण्याच्या पाण्याला लावू नयेत, शिशाची मर्यादा तेव्हापासून कडक झाली. कमोडच्या टाकीच्या झाकणाखाली तारीख कोरलेली असते. १९९४ आधीचा असेल तर बहुधा फ्लशला ३.५ गॅलन किंवा जास्त पाणी गिळतो. फुकट मिळाला तरी महागच! १९७८ आधीच्या रंगवलेल्या दारांचा रंग तपासल्याशिवाय घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

तुमच्याकडचं सामान द्यायचं असेल तर आधी फोन करा, मोठ्या वस्तू बऱ्याच शाखा घरून नेतात. स्क्रू आणि बिजागऱ्या पिशवीत भरून त्याच दाराला चिकटवा. मोडकं मात्र देऊ नका, ते फेकण्याचा खर्च शाखेच्याच माथी बसतो.