रेल्वेच्या लिलावाचा डीएपी म्हणून घेतला आणि चोरीच्या केसमध्ये अडकलो

भाऊलोकांनो, हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. गावात ज्याला माहीत आहे त्याला माहीतच आहे आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगायची लाज वाटत होती. पण परवा आमच्या चोपड्याकडच्या पाहुण्यांना अगदी तसलाच फोन आला, तेव्हा मनात आलं की आपण तोंड मिटून बसलो तर अजून एक घर बसेल, म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय, वाचा आणि घरात ज्यांच्या हातात खताचा-मालाचा व्यवहार आहे त्यांना वाचून दाखवा.

मी यावल तालुक्यातला. तीन एकर केळी, मृगबाग लावायची होती, आणि चार एकर कपाशी. जून महिना, पाऊस पडून गेलेला, वापसा झालेला आणि डीएपी खत कुठंच नाही. जळगावला खताचा रॅक, म्हणजे खताची मालगाडी, लागला म्हणून ऐकायचं, दुसऱ्या दिवशी दुकानावर जायचं तर आधार कार्ड घेऊन ही लाईन, नंबर लागेपर्यंत माल संपला. आणि जिथं मिळत होता तिथं लिंकिंग, म्हणजे १३५० ची बॅग पाहिजे तर सोबत ते बाटलीतलं काहीतरी घ्याच, जे आपल्याला नकोय. दोन दिवस फिरलो, डोकं तापलं होतं. हे सांगतोय कारण माणूस फसतो तो अशाच वेळी, एरवी मीही एवढा भोळा नाही.

फाट्यावर चहा घेताना टपरीवाल्यानं एका माणसाची ओळख करून दिली. चाळिशीचा, पांढरा शर्ट, सगळे त्याला शेठ म्हणत होते. एमएच १९ पासिंगची पिकअप. म्हणाला, दादा, डीएपी पाहिजे ना, माझ्याकडं रेल्वेचा लिलावाचा माल आहे, वॅगनच्या छतातून पाणी गळलं, वरच्या थराच्या काही बॅगा ओल्या झाल्या, कंपनीनं क्लेम घेऊन टाकला, मग रेल्वेनं सगळा लॉट लिलावात काढला, आम्ही घेतला, खालच्या बॅगा एकदम कोरड्या आहेत, हजार रुपयाला देतो. खिशातून कागद काढून दाखवला, वर रेल्वेचं चिन्ह, हिंदी-इंग्रजी मजकूर, खाली गोल शिक्का. मी वाचला का? नाही वाचला. शिक्का बघितला आणि परत दिला.

आता कोणी म्हणेल एवढ्यावर विश्वास कसा बसला. तर आपल्याकडं भुसावळ आहे ना. अर्ध्या खान्देशचं कोणी ना कोणी रेल्वेत, कोणाचा मामा लोकोत, कोणाचा जावई यार्डात, रेल्वेचं भंगार लिलावात निघतं हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळं रेल्वेचा लिलाव म्हटलं की आपल्याला ते खोटं वाटतच नाही, आणि ही गोष्ट त्या माणसाला आपल्यापेक्षा चांगली माहीत होती.

तरी मी म्हटलं आधी माल बघणार. तो म्हणाला, बघा ना, बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. रात्री नवाच्या सुमाराला पिकअप खळ्यावर आली. मी स्वतः एक बॅग उसवली, दाणे तळहातावर घेतले आणि चुना टाकून तंबाखूसारखे मळले, कारण आपले जुने लोक सांगतात की असली डीएपी चुन्याबरोबर मळला तर असा उग्र वास सुटतो की नाकाजवळ धरवत नाही. तसाच वास आला, डोळ्यात पाणी आलं. शेजारचे नाना होते सोबत, त्यांनीही वास घेतला, म्हणाले माल एक नंबर आहे. झालं. मी पन्नास बॅगा उतरवून घेतल्या. दहा हजार फोनवरून टाकले, ते पण त्याच्या नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर गेले, आणि चाळीस हजार रोख.

माझी सगळी चूक इथंच झाली. आपण शेतकरी आयुष्यभर नकली मालाला घाबरतो, बोगस बियाणं, भेसळीचं खत, म्हणून तपासतो ते एवढंच की माल असली आहे का. तो कोणाचा आहे हे कोणी तपासत नाही. माझा माल शंभर टक्के असली होता.

खुणा नव्हत्या असं नाही, आता आठवल्या की झोप लागत नाही. बऱ्याच बॅगांना एका बाजूनं काळं ग्रीस लागलेलं होतं आणि खडीचे ओरखडे होते. सात-आठ बॅगांची मशीनची शिलाई तुटलेली आणि वरून सुतळीनं हातानं टाके घातलेले. पाण्यात भिजलेला लॉट म्हणाला होता, पण एकाही बॅगेवर पाण्याचा डाग नव्हता, एकही गठ्ठा झालेला नव्हता. बिल मागितलं तर उद्या पाठवतो. आणि जाताना म्हणाला, दादा, ताडपत्री टाकून ठेवा, गावात उगाच सगळे मागायला येतील. ही गोष्ट तर मला त्याचा चांगुलपणा वाटली होती. पिकअपच्या फाळक्यातून बॅगांसोबत एक छोटी वस्तू खाली पडली होती, पिळलेली तार आणि तिला शिशाची चपटी गोळी, त्यावर काहीतरी उमटवलेलं. माझ्या लहान्यानं ती उचलली आणि खेळायला म्हणून ओसरीच्या खिडकीत ठेवली. ती तिथंच होती.

अकरा दिवसांनी सकाळी सहाला आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, जीप आली. बायको चुलीपुढं भाकरी करत होती, माय अंगणात. साहेब नीट बोलले, शिवीगाळ नाही, काही नाही, ते मी कबूल करतो. खळं दाखवा म्हणाले. ताडपत्री काढली तेव्हा एकतीस बॅगा शिल्लक होत्या, एकोणीस टाकून झाल्या होत्या कपाशीला. त्यांनी बॅगांवरचे छापील नंबर मोबाईलमधल्या यादीशी लावून बघितले आणि एकमेकांकडं नुसतं बघितलं. मग गावातलेच दोन पंच बोलावले. पंचनामा सुरू असताना एका जवानाचं लक्ष खिडकीत गेलं, त्यानं ती तार उचलली आणि मला विचारलं, हे काय आहे माहीत आहे का. मी खरंच म्हणालो, माहीत नाही. ते वॅगनच्या दाराचं सील होतं. बॅगा मोजताना अंगणात अर्धं गाव जमलं होतं आणि माय मधूनमधून एकच विचारत होती, बेटा, आपण तर पैसे दिले ना रे.

नंतर चौकशीत आणि वकिलाकडून जे कळलं ते असं. मालगाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाच्या बाहेर, सिग्नलसाठी उभी राहते. चाळीस-पन्नास डब्यांची गाडी, जवळजवळ पाऊण किलोमीटर लांब, पुढं ड्रायव्हर, शेवटी गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि रात्री मधल्या डब्यांजवळ कोण आहे हे दोघांनाही दिसत नाही. हे चोर सील तोडतात, दार उघडतात, गाडी हलेपर्यंत जमतील तेवढ्या बॅगा खडीवर लोटतात, गाडी गेली की त्या बाजूच्या शेतात ओढतात आणि तिथून मोटरसायकलनं पिकअपपर्यंत. ग्रीस आणि ओरखडे त्याचेच. एका बंद डब्यात साठ टनांच्या वर खत मावतं, म्हणजे पन्नास किलोच्या बाराशे बॅगा, त्यातल्या पन्नास-साठ गेल्या तर मालधक्क्यावर खाली करताना मोजणीतच कळतं, आणि तोवर दोन दिवस गेलेले असतात, मग चोरी नेमकी कोणत्या स्टेशनाजवळ झाली ते शोधत बसायचं. आणि भुर्दंड पाठवणाऱ्यालाच बसतो, कारण माल भरताना रेल्वेच्या माणसानं बॅगा मोजून घेतल्या नसतील तर रेल्वेच्या पावतीवर आकडा पाठवणाऱ्यानं सांगितला म्हणून लिहिलेला असतो, मग इतक्याच भरल्या होत्या हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. आमच्या केसमध्ये दोघं पोरं दुसऱ्याच चोरीत सापडली, त्यांच्या फोनमध्ये माझे दहा हजार दिसले. शेठ मात्र अजून सापडलेला नाही.

आता कायद्याचं सांगतो, हे नीट वाचा, कारण मला वाटलं होतं मी तर पैसे देऊन घेतलंय, मी तर फसलेला माणूस आहे, मला काय होणार. रेल्वेच्या मालासाठी वेगळा कायदा आहे, रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६. त्यात रेल्वेचे रूळ-तांबं एवढंच येत नाही, रेल्वेच्या ताब्यात वाहतुकीला दिलेला तुमचा-आमचा मालही येतो. आणि चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला असा माल तुमच्याकडं सापडला, तर तो कायदेशीर मार्गानं आला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. बिल नाही तर काय दाखवणार? शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, आणि पहिल्याच गुन्ह्यात, कोर्टानं खास कारण दिल्याशिवाय, एक वर्षाच्या खाली येत नाही. जुन्या वाहनाला लागलेला दंड भरतो तसं पैसे भरून मोकळं होण्यातलं हे नाही.

दुसरी गोष्ट तर मला वकिलानं सांगितल्यावर घामच फुटला. आपण समजतो की पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण या कायद्याखाली चौकशी करणारे आरपीएफचे अधिकारी म्हणजे पोलीस अधिकारी नव्हेत, असं सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच म्हटलेलं आहे, त्यामुळं त्यांच्यापुढचा जबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो. मी पहिल्या दिवशी घाबरून, जे लिहिलं त्यावर न वाचता सही केली. त्यात माझ्या तोंडी वाक्य आहे की भाव कमी असल्यामुळं मला शंका आली होती. मी म्हणालो होतो की आता वाटतं शंका यायला पाहिजे होती. दोन्हीत केवढा फरक आहे बघा. त्यांनी मुद्दाम लिहिलं असं मी म्हणत नाही, पण मी वाचायला पाहिजे होतं, वकील बोलावायला पाहिजे होता.

जामीन झाला. तेव्हापासून तारखेला तारीख, भुसावळच्या रेल्वे कोर्टात, केळीची काढणी असो की लग्न असो. सतरा हजार पाचशे वाचवायला गेलो, पन्नास हजार गेले, बॅगा गेल्या, उरलेल्या लागवडीला परत डीएपी विकत घ्यावा लागला, लिंकिंगसकट, आणि वकिलाचे वेगळे.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर हे झालंच नसतं. खत विकायला परवाना लागतो, १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे. अनुदानाचं खत म्हणजे युरिया, डीएपी, १०:२६:२६ सगळं, दुकानातल्या पॉस मशीनवर (पावती काढायचं मशीन) तुमचं आधार लावून, अंगठा घेऊन, पावती काढूनच विकायचं. पिकअपवर येणाऱ्याकडं ते मशीन नसतंच. आणि वाटेत खरंच खराब झालेलं खत असलं तर ते असं गुपचूप विकता येत नाही, परवानगी काढावी लागते, बॅगेवर लाल रंगात नॉन-स्टँडर्ड असं लिहून फुलीची खूण करावी लागते. माझ्या बॅगांवर तर तसली एकही खूण नव्हती. मग डॅमेज कसल्या? हा एक प्रश्न मी त्या रात्री विचारायला पाहिजे होता.

रेल्वेचं भंगारही आता ऑनलाइन ई-लिलावात निघतं, रेल्वेच्या आयआरईपीएस पोर्टलवर, आधी नोंदणी, अनामत, मग बोली, मग पैसे भरून डिलिव्हरीचा कागद, आणि माल उचलताना रेल्वेचा माणूस समोर. ज्यानं तिथून माल घेतला त्याच्याकडं लॉट नंबरसकट कागद असतो आणि पुढं विकताना तो बिल देऊ शकतो. उद्या बिल पाठवतो म्हणणाऱ्याचं बिल येत नाही भाऊ.

आता पाहुण्यांचं. त्यांचं घराचं काम चालू आहे, स्लॅबवर आलंय. परवा फोन आला, रेल्वेचं डॅमेज सिमेंट आहे, दोनशे बॅगा, बाजारभावापेक्षा शंभर रुपये कमी, रात्री आणून टाकतो. त्यांनी सहज मला सांगितलं. मी म्हटलं, पाहुणे, त्याला एवढंच म्हणा की लिलावाचा कागद व्हॉट्सॲपला टाक आणि दिवसाउजेडी बिल घेऊन ये, पैसे बँकेतून तुझ्याच नावावर देतो. त्यांनी तसंच म्हटलं. समोरचा म्हणाला कागद मालकाकडं आहे, विचारून सांगतो, आणि त्यानंतर फोन बंद. आवाज त्याच शेठचा होता का ते मला सांगता येणार नाही, मी ऐकला नाही. नंबर आम्ही दोघांनी रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला कळवला, आणि मी माझ्या केसच्या साहेबांनाही देऊन आलो. पुढची तारीख बावीसला आहे, तेव्हा विचारतो काय झालं त्याचं.