आमच्या गावाची नळपाणी योजना : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पंचगंगेच्या काठी, करवीर तालुक्यात असलेल्या आमच्या गावाची नळपाणी योजना गेली दोन वर्षे गावाचीच पाणीपुरवठा व स्वच्छता समिती चालवत आहे. पाणीपट्टी भरणारा एक ग्राहक या नात्याने हा अभिप्राय लिहितो आहे.

आधीची जुनी योजना बांधून ठेकेदार निघून गेला आणि ती कोणाचीच राहिली नाही. मोटार जळली की ग्रामपंचायतीने वर पत्र पाठवायचे आणि उत्तर येईपर्यंत बायकांनी मळ्यातल्या बोअरवरून घागरी वाहायच्या, असे वर्षानुवर्षे चालले. 2019 मध्ये घरोघरी नळाने पाणी देण्यासाठी केंद्र सरकारचे जलजीवन मिशन सुरू झाले, त्यात गावांतर्गत कामाच्या खर्चातला साधारणपणे 10 टक्के वाटा गावाने उचलायचा असतो. आमच्याकडे ज्यांच्या हातात रोख नव्हती, त्यांनी पाइपलाइनची चर खोदायला श्रमदान केले. ज्या चरीत आपण स्वतः उतरलो, तिच्यातला पाइप फुटला तर माणूस बघत उभा राहत नाही. आज गळती दिसताच फोन जातो तो याच कारणाने, असे माझे ठाम मत आहे.

पाणी सकाळी गल्लीवार ठरलेल्या वेळेला येते आणि वेळ सहसा चुकत नाही. माणशी दररोज 55 लिटर हे मिशनचे प्रमाण आमच्या घरी व्यवस्थित भागते. मीटर बसवल्यापासून अंगणात नळ मोकळा सोडण्याची सवय मोडली, त्यामुळे टोकाच्या घरांनाही पाणी पोहोचू लागले. वरच्या गल्लीत दाब अजून कमी आहे आणि तिथल्या लोकांची तक्रार रास्त आहे.

या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाण्याची तपासणी. जलसुरक्षक, म्हणजे गावात पाण्याची शुद्धता सांभाळणारा माणूस, परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन ओटीचे (क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे) थेंब टाकतो. पिवळा रंग आला की टीसीएलची (पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरची) मात्रा शेवटच्या नळापर्यंत पोहोचली असे समजायचे. याशिवाय गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण मिळाले आहे. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या गल्लीतून संचातल्या बाटलीत भरून नेलेले पाणी दुसऱ्या दिवशी काळेकुट्ट झाले. पाणी जीवाणूंनी दूषित असल्याची ती खूण होती. त्या वहिनी बाटली हातात घेऊन घरोघर फिरल्या, पाणी उकळून प्या म्हणून सांगितले आणि समितीच्या माणसांना घेऊन व्हॉल्व्हचा खड्डा उघडायला लावला. गटाराचे पाणी त्यात झिरपून साचले होते आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला होता. संध्याकाळपर्यंत खड्डा उपसून, व्हॉल्व्ह बदलून, कडेने सिमेंट मारून झाले. ही तत्परता पूर्वीच्या व्यवस्थेत मी कधीच पाहिली नव्हती.

दुसरी कसोटी पुराची. 2019 च्या महापुरात आमचे जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसण्याची विहीर) बुडाले आणि चहूकडे पाणी असताना प्यायला टँकरची वाट पाहावी लागली. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानतात. आता पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की समितीची पोरे पॅनेल बोर्ड आणि मोटार उचलून उंचावर नेतात आणि टाक्या आधीच भरून घेतात. एवढी साधी गोष्ट पूर्वी कोणाचेच काम नव्हते.

1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी आणि सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे दोन्ही विषय पंचायतींसाठी नमूद आहेत. म्हणजे योजना सांभाळणे ही गावाचीच जबाबदारी आहे, म्हणून समितीने हिशोबाच्या बाबतीत अधिक चोख असायला हवे. जमाखर्चाचा फलक सहा महिने जुना आहे. त्याहून खटकते ती थकबाकी : दोन महिन्यांची पट्टी राहिलेल्या मजुराच्या दारात नोटीस जाते, आणि बागायतदारांची मोठी थकबाकी मात्र वहीतच पडून राहते. हे असेच राहिले तर वेळेवर भरणारेही हात आखडतील आणि पुढच्या वेळी मोटार जळेल तेव्हा खात्यात पैसे नसतील.

तरीही शेजारच्या गावांनी आपली योजना अशीच ताब्यात घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. येत्या ग्रामसभेत सर्व थकबाकीदारांची नावे वाचून दाखवावीत, असा अर्ज मी समितीकडे लेखी दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे.